आपल्याकडच्या दगडातून दगडी हत्यारं घडवायची तर दगड कुठे शोधायचा आणि पहिला छिलका कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे संगमनेर भागातले आहेत, अमेरिकेतले व्हिडिओ बघून काळ्या काचेसारख्या दगडाची बाणाची टोकं बनवायची इच्छा झाली, पण शेतातला काळा दगड हातोडीने फोडला तर भुगा होतोय आणि पांढरी गार फोडली तर चौकोनी तुकडे पडतायत. मग आपल्याकडे चालणारा दगड मिळतो का, नाहीतर बाहेरून मागवावा का?

मागवू नका. तुम्ही प्रवरेच्या खोऱ्यात राहता, दगडी हत्यारांसाठी महाराष्ट्रात याहून चांगली जागा शोधावी लागेल. तुमच्या तालुक्यातलंच जोर्वे, खाली दायमाबाद, नेवासा, नेवाशाजवळचं चिरकी, ही सगळी याच नदीकाठची ठिकाणं. चिरकीला लाखो वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (म्हणजे रुंद धारेच्या दगडी कुऱ्हाडी) मिळाल्या, जोर्वे-दायमाबादला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची बोटभर लांबीची बारीक पाती मिळाली, आणि दोन्हीसाठी दगड याच परिसरातला वापरला होता.

त्या व्हिडिओतला काळा दगड म्हणजे ऑब्सिडियन, ज्वालामुखीची काच. आपल्या दख्खनच्या लाव्हाचा बेसॉल्ट, म्हणजे आपला नेहमीचा काळा दगड, झाला, ऑब्सिडियन इथे मिळत नाही, त्यामुळे तो शोधण्यात वेळ घालवू नका. आणि माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की आधी वस्तू ठरवून मग दगड शोधायचा असं करू नका, हातात जो दगड येतो त्याचा आकार बघून काय बनवायचं ते ठरवा. आपल्याकडचा चांगला बारीक पोताचा दगड बहुतेक वेळा लिंबाएवढा, फार तर मुठीएवढा मिळतो, आणि मोठा मिळतो तो बेसॉल्ट. म्हणून लहान दगडाची पाती आणि सूक्ष्मास्त्रं (अगदी छोटी दगडी हत्यारं), मोठ्या दगडाची हातकुऱ्हाड. तळहाताएवढं भाल्याचं टोक अकीकातून काढायचं म्हटलं तर वर्ष जाईल आणि शिकणं होणार नाही.

आता तुमचे दोन दगड का फसले ते बघू. शेतातला काळा दगड वरून काळा दिसला तरी ऊन-पावसाने आतून कुजलेला असतो, त्याचे थर सुटतात नाहीतर मुरूम होतो. आणि चौकोनी, विशेषतः तिरक्या चौकोनी तुकड्यांत फुटणारी पांढरी गार ही बहुतेक गार नसतेच, कॅल्साइट असतो, म्हणजे चुन्याचं मऊ खनिज. त्यावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक फेस आला तर कॅल्साइट. दुसरी परीक्षा म्हणजे चाकूचं टोक जोरात ओढा, ओरखडा उठला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत मिळणारं दुसरं मऊ खनिज), दोन्ही आपल्या कामाचे नाहीत. कामाच्या दगडावर चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट स्टीलचीच करडी रेघ दगडावर उमटते, आणि तो दगड बाटलीच्या काचेवर सहज ओरखडा काढतो. तरी एवढ्याने भागत नाही, कारण स्फटिक गार म्हणजे क्वार्ट्झसुद्धा काचेवर ओरखडा काढते पण ती फुटताना साखरेच्या खड्यांसारखी दाणेदार फुटते किंवा आतल्या तड्यांवरून तुटते. आपल्याला पाहिजे कॅल्सेडनी. ती उन्हासमोर धरली की शिजलेल्या साबुदाण्यासारखी धुकट अर्धपारदर्शक दिसते, फुटलेला भाग गुळगुळीत असतो, दाणे दिसत नाहीत. तिच्यात पट्टे असले की अकीक. अपारदर्शक लाल, पिवळी, हिरवट असली की जॅस्पर, तोही चालतो पण त्यात जुने तडे फार असतात, दहा उचलले तर बरेचसे तिथेच टाकून द्यावे लागतात.

हा दगड येतो कुठून हे समजलं की शोधणं निम्मं सोपं होतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, थर थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, आणि नंतर पाण्याबरोबर आलेली सिलिका (हिचीच कॅल्सेडनी होते), कॅल्साइट, झिओलाइट त्या पोकळ्यांत साचत गेली. म्हणजे प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट काळा आणि वरचा भाग पांढऱ्या ठिपक्यांचा, तोच आपला मांजऱ्या खडक. घाटात रस्ता कापलेला असतो तिथे दोन थरांच्या मध्ये बऱ्याच वेळा विटकरी लाल मातीचा पट्टा दिसतो, त्या पट्ट्याच्या लगेच खाली जो खडक आहे तो खालच्या थराचा माथा, तिथे भरलेल्या पोकळ्या बघायच्या. बेसॉल्ट झिजून काळी माती होतो पण कॅल्सेडनी झिजत नाही, ती शेतात नाहीतर ओढ्यात राहते आणि शेवटी नदीच्या वाळूगोट्यांत येते.

म्हणून शोधायच्या माझ्या आवडत्या जागा म्हणजे एक, नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला पडलेले गोट्यांचे पट्टे, दिवाळीनंतर पाणी उतरलं की मे पर्यंत, आणि सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात चाला, सूर्याकडे तोंड करून, कॅल्सेडनी लांबून उजळून दिसते. दुसरी, नवीन विहीर खणल्यावर काठावर टाकलेला मलबा. ही जागा फार लोक विसरतात पण इथला दगड ताजा असतो, उन्हाने तडकलेला नसतो, आणि शेतकऱ्याला विचारलं तर तो आनंदाने घेऊन जा म्हणतो. तिसरी, बांधावर शेतकऱ्यांनी वेचून टाकलेले गोटे. वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या गोट्यापेक्षा ओल्या वाळूत अर्धा रुतलेला गोटा केव्हाही घ्या, उन्हात तापून आणि पावसात भिजून दगडात केसासारखे तडे जातात आणि ते फोडल्याशिवाय दिसत नाहीत.

सगळं घरी वाहून आणू नका, निवड नदीतच करा. गोटा दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या छोट्या गोट्याने हलकेच टकोरा द्या. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर आत सलग आहे, भद्द किंवा फाटका आवाज आला तर तडा आहे, टाका. मग कडेला एक छोटा टवका उडवून बघा (चष्मा डोळ्याला लावूनच), टवक्याच्या जागी शिंपल्यासारखी गोल लाटांची खूण उमटली म्हणजे दगड आपल्या मनाप्रमाणे फुटेल. आतून पोकळ आणि स्फटिकांचे दात असलेले गोटे दिसायला सुंदर पण घडवायला वाईट, छिलका त्या पोकळीपर्यंत जाऊन थांबतो. पूर्ण भरलेला गोटा घ्या.

मोठ्या कामासाठी बेसॉल्ट निवडताना बारीक पोत, एकही पांढरा ठिपका नाही आणि ठोकल्यावर धातूचा आवाज, एवढं बघा. लाव्हाच्या थरांमधून उभ्या भिंतीसारखे वर आलेले डाइक असतात, त्यातला डोलेराइटही, म्हणजे बेसॉल्टच्याच जातीचा जरा जाड पोताचा दगड, चांगला. गावातल्या पाथरवटाला किंवा जुन्या वडार कारागिराला दगड दाखवा, पाटा-वरवंट्यासाठी दगड पारखणाऱ्या माणसाला कुठला दगड कुठे कसा फुटेल हे पुस्तकं वाचलेल्या माणसापेक्षा जास्त कळतं, मी आजही विचारतो.

बाकीच्या भागातल्यांसाठी पटकन सांगतो. पुणे जिल्ह्यात घोड, भीमा, कऱ्हा यांच्या गोट्यांत कॅल्सेडनी मिळते, खानदेशात तापी-गिरणा खोऱ्यात मिळते, आणि चाळीसगावजवळ पाटण्याला तर पुराश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली कॅल्सेडनी-जॅस्परची पाती उत्खननात सापडलीयत. नागपूरकडे दोन लाव्हाथरांमध्ये तळ्यांचा गाळ कडक होऊन झालेला चर्ट मिळतो, तो थरांत असल्याने जरा मोठे तुकडे मिळतात. कोकणातला जांभा काही कामाचा नाही, दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्यात क्वार्ट्झाइट आणि क्वार्ट्झचे गोटे घ्यायचे, ते जास्त ताकद मागतात पण हातकुऱ्हाडीला चालतात.

आता एक गोष्ट मी फार मनापासून सांगतोय. याच नद्यांच्या काठी खऱ्या जुन्या हत्यारांचा खच आहे, शोधताना तुम्हाला ती सापडणारच. हातात घेतलेल्या तुकड्यावर एकाच दिशेने काढलेल्या समांतर छिलक्यांचे व्रण, घासलेली बोथट कड, व्रणांवर आलेली जुनी झाक असं काही दिसलं की तो कच्चा माल नाही. फोटो काढा, जागेची नोंद करा आणि तिथेच ठेवा, पुण्यातल्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा आहे तो आहेच, पण कायदा नसता तरी एकदा जागेवरून उचललेला दगड कुठल्या थरातला होता हे परत कोणालाच सांगता येत नाही. संरक्षित स्थळं, किल्ले, राखीव जंगल इथून साधा गोटाही उचलू नका. आणि तुमच्या कामाचा चुरा नदीकाठी टाकू नका, पन्नास वर्षांनी कोणी संशोधक त्याला ताम्रपाषाणयुगाचा कारखाना समजेल. मी चुरा पोत्यात भरतो, त्यात काचेचे तुकडे आणि चालू सालचं नाणं टाकतो आणि खोल खड्ड्यात पुरतो. शेतात तर अजिबात टाकायचा नाही, अनवाणी पाय आणि बैलांचे खूर कापले जातात.

धूळ हा या छंदातला खरा धोका आहे, कापलेलं बोट बरं होतं, सिलिकाच्या धुळीने निकामी झालेलं फुप्फुस बरं होत नाही. गुजरातमधल्या खंभातचा अकीक उद्योग जगभर प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या कारागिरांना, त्यांच्या घरच्यांनाही, सिलिकोसिस झालाय हे तितकंच खरं आहे. म्हणून घरात, गच्चीच्या बंद खोलीत बसायचं नाही, बाहेर वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, एन ९५ मास्क लावायचा, कड घासताना दगड ओला ठेवायचा, खाली ताडपत्री अंथरायची आणि झाडू न मारता ती उचलून घ्यायची, कपडे घरात झटकायचे नाहीत. डोळ्यांना बंद कडांचा चष्मा, मांडीवर जाड चामडं, चांभाराकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. लहान मुलांना जवळ बसवू नका.

हत्यारांना फार खर्च नाही. लोखंडी हातोडी बाजूला ठेवा, तिचा सपाट कडक चेहरा दगडाला चिरडतो, तुमचा भुगा होण्याचं ते दुसरं कारण. त्याऐवजी हातात बसणारा गोल गोटा, लहान कॅल्सेडनीसाठी दोनशे ते तीनशे ग्रॅम, बेसॉल्टसाठी अर्धा ते एक किलो. दाब देऊन बारीक काम करायला अर्थिंगची जाड तांब्याची तार, साधारण ४ मिमी, लाकडी मुठीत बसवलेली. कड घासायला तुटलेल्या ग्राइंडर चाकाचा तुकडा. परदेशी व्हिडिओत सगळे हरणाचं शिंग वापरतात, आपल्याकडे सांबर-चितळाचं शिंग, जंगलात गळून पडलेलं असलं तरी, जवळ ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो विषय डोक्यातून काढून टाका. पाळीव म्हशीचं शिंग आणि बाभळीचा गाभ्याचा सोटा यांनी काम होतं.

सुरुवातीचे काही आठवडे काच फोडा. जाड बाटलीचा तळ किंवा काचवाल्याकडचे १०-१२ मिमीचे उरलेले तुकडे, फक्त टफन केलेली काच नको, तिचे एकदम दाणे होतात. फुटलेल्या कमोडचं पांढरं सिरॅमिकही उत्तम आणि ते फुकट मिळतं. नदीतला चांगला गोटा शिकण्यात संपवायचा नसतो.

आता प्रत्यक्ष फोडणं. गोल गोट्याला मारायला कोपराच नसतो ही पहिली अडचण, त्यामुळे लहान गोटा बेसॉल्टच्या सपाट दगडावर उभा धरून वरून सरळ ठोका द्यायचा, तो दोन फाकांत फुटतो. बोटं कडेला, ठोक्याच्या रेषेत नाही. फाक झाली की एक सपाट बाजू मिळाली, हीच तुमची मारायची जागा. आता ही सपाट बाजू आणि बाहेरची बाजू यांच्यामधला कोन बघा, तो ९० अंशांपेक्षा कमी पाहिजे, ७० च्या आसपास असेल तर फार छान. ९० च्या वर गेला की कितीही जोर लावा छिलका येणार नाही, नुसता दगड ठेचला जाईल, आणि नवीन माणूस इथेच चिडून आणखी जोरात मारतो. जोर वाढवू नका, कोन बदला. दगड फिरवा, दुसरी जागा शोधा.

कोन मिळाला की कड घासा. धारदार पातळ कड ठोक्याखाली चुरते आणि सगळी ताकद तिथेच संपते, म्हणून घासून ती थोडी जाड आणि खरखरीत करायची. हे इतकं कंटाळवाणं वाटतं की सगळे टाळतात, पण माझा अर्धा वेळ घासण्यात जातो आणि छिलके येतात ते त्यामुळेच. मग कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत नेम धरून, मनगट सैल ठेवून, बाहेरच्या आणि खालच्या दिशेला असा तिरका ठोका. छिलका दगडाच्या बाहेरच्या अंगावर जी उभी उंच रेघ असेल, म्हणजे कणा, त्याच्यावरून पळतो. कणा सरळ तर छिलका लांब, अंग सपाट तर छिलका आखूड आणि पसरट, खड्डा असेल तर तिथेच थांबतो. तेव्हा मारण्याआधी वरची जागा बघता तितकंच खालचं अंग बघा. छिलका मध्येच पायरी पडून तुटला तर ठोका हलका पडला किंवा दिशा जास्त आत गेली असं समजा, आणि त्याच पायरीवर परत परत मारू नका, उलट्या टोकाकडून छिलका काढून ती पायरी काढा.

शिरूर तालुक्यात घोड नदीवर इनामगाव आहे, तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या अशा गावांत कॅल्सेडनीची पाती काढताना कणा नसेल तर तो तयार करायची युक्ती वापरत. गाभ्याच्या, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्याच्या, एका अंगावर उजवीकडून-डावीकडून आलटून पालटून छोटे छिलके काढायचे म्हणजे मध्ये नागमोडी उभी धार तयार होते, मग वरच्या टोकाला शिंगाचा किंवा तांब्याचा पंच टेकवून त्यावर बाभळीच्या सोट्याने ठोका द्यायचा, गाभा दोन पायांच्या तळव्यांत किंवा लाकडी खाचेत घट्ट धरलेला. पहिलं पातं पाठीवर नागमोडी असतं, ते गेलं की मागे दोन सरळ कणे राहतात आणि त्यावरून पुढची पाती समांतर सुटत जातात. हे जमलं की लिंबाएवढ्या गोट्यातून मूठभर पाती निघतात आणि आपला दगड लहान आहे ही तक्रारच राहत नाही.

पातं निघालं की ते पोळपाटासारख्या सपाट दगडावर टेकवून एक बाजू दाबून बोथट करा, बोट ठेवायला जागा होते. राळ, मधमाशीचं मेण आणि कोळशाची पूड मंद आचेवर एकत्र करून त्यात ही पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवा, विळा तयार. त्याने गवत कापून बघा, कापत राहिलात तर धारेवर एक वेगळी चकाकी येते, उत्खननातल्या पात्यांवरही ती सापडते.

कॅल्सेडनी फार चिवट लागली तर भाजा, खंभातचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. फक्त पातळ केलेले तुकडे घ्या, अख्खा ओला गोटा आगीत टाकलात तर तो फुटून उडेल. वाळूत पुरून आधी १०० अंशांवर पूर्ण दिवस वाळवा, मग तासाला २५-३० अंश अशा गतीने २५० पर्यंत न्या, काही तास ठेवा, आणि थंड होईपर्यंत झाकण उघडू नका, त्यासाठी रात्र गेली तरी चालेल. साधा ओटीजी ओव्हन इथपर्यंत जातो, मात्र तो परत जेवणासाठी वापरू नका. लोह असलेला दगड लालसर होतो, आणि भाजल्यानंतर नवीन छिलका काढला की त्याखालचा भाग तेलकट चमकतो, ती खूण. बेसॉल्टला भाजून काही मिळत नाही.

राहिली तुमची बाणाची टोकं. ती नक्की होतील, पण ठोकून नाही, दाबून. चार-पाच सेंटिमीटरचा, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, सरळ छिलका निवडा, भाजलेला असेल तर बरं. तळहातावर चामडं, त्यावर छिलका, कड घासून तांब्याचं टोक कडेवर टेकवायचं, आधी छिलक्याच्या आत दाब भरायचा आणि मग किंचित खाली मुरडायचं. एका बाजूने ओळ पूर्ण करा, उलटा, परत घासा, दुसरी ओळ. कड नेहमी जाडीच्या मध्यरेषेच्या थोडी खाली ठेवायची, मध्यरेषेच्या वर गेली की छिलके आखूड पडतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. टोक दांड्याला बांधायच्या खाचा सगळ्यात शेवटी, तार घासून चपटी करून, दोन्ही बाजूंनी आलटून पालटून अगदी छोट्या चिमट्यांनी, आणि त्या वेळी टोकाखाली चामड्याचा आधार पाहिजेच कारण टोकं सगळ्यात जास्त तुटतात ती खाच पाडताना.